हाक मारणारं बटण

हर्षला साजगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती आणि घरी आल्यावर हीलर. म्हणजे फोनवरच्या एका गेममध्ये पाच जणांनी मिळून राक्षस मारायचा. चौघांनी लढायचं आणि एकाने मागे उभं राहून त्यांच्या जखमा भरायच्या. ते मागचं काम तिचं. ग्रुपचा म्होरक्या रूपेश. कडावला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही. संध्याकाळ झाली की तो एकेकाला स्वतः फोन करून बोलवायचा. हर्षलाला खेळापेक्षा त्या फोनचंच अप्रूप होतं, पण हे ती कुणाला सांगायला गेली नाही.

मग तिचे वडील गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, ती कामावर जाऊ लागली. रडू काही आलं नाही. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल होतो, तशी ती सगळीच बधिर झाली होती. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. लोकांचं काय जातंय म्हणायला!

रूपेशचा फोन मात्र आला नाही.

त्याच सुमारास गेममध्ये नवं बटण आलं. ते दाबलं की यंत्रच कुठले कुठले चार अनोळखी खेळाडू जोडून देतं. रूपेशचा तिळपापड झाला. रविवारी दहिवलीत वडापावच्या गाडीपाशी त्याने पंचायतच बसवली. मताला सगळे हवेत म्हणून हर्षलालाही निरोप गेला, तोही ग्रुपवरच्या मेसेजातून.

"आपल्यात हे बटण नको," रूपेश म्हणाला. "मशीननं जोडलेली मानसं आपली व्हतात का रं? मानसानं मानसाला हाक मारावी."

"तुजे फोन संपेपर्यंत जेवनाची येळ व्हते," टेंपो चालवणारा कमलेश म्हणाला. "बटण बरं हाय."

हर्षला तळलेल्या मिरचीचं देठ मोडत बसली होती. "असू दे बटण," ती म्हणाली.

"तू पन?"

"मला कुनी हाक मारली रं इतक्या दिसांत?"

रूपेश गडबडला. "तुज्या घरात दुखवटा हाय. दुखात असलेल्याला खेळाया बोलवायचं व्हय? लोक तोंडात शेन घालतील माज्या."

त्याचंही खरंच होतं. लग्नाला बोलावल्याशिवाय जायचं नाही, मयताला बोलावण्याची वाट पाहायची नाही. तिच्या दारात सगळ्यांआधी तोच धावला होता, तिरडीचे बांबूही त्यानेच आणले होते. पण मोबाइलवरच्या राक्षसालाही दुखवटा लागतो, हे याला कुठल्या भटजीने सांगितलं?

"बटणाला सुतक कळत नाय," हर्षला म्हणाली. "त्यानं मला रोज घेतलं." हे सांगतानाही तिला काही वाटलं नाही.

हात वर झाले आणि बटण एका मताने हरलं.

तरी संध्याकाळी तिने सवयीने तेच दाबलं. लढाई ऐन रंगात आली आणि रूपेशचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला, अंगठे चालूच ठेवले.

"हर्षला, ये गं. समदे खोळंबलेत."

"आता नाय. मी सोडलं तर ही मानसं मरतील."

"कोन मानसं?"

"ठाऊक नाय."

आता हा चिडणार, असं तिला वाटलं. "बरं," तो म्हणाला. "हुदे तुजं. मी हाय." आणि फोन न ठेवता तो बडबड्या गप्प बसून राहिला.

हर्षलाला रडू फुटलं. बाप गेल्यावर पहिल्यांदाच, हुंदक्यांवर हुंदके. डोळ्यांपुढचं दिसेना, अंगठे थांबले, आणि ते चार परके बिचारे हकनाक मेले.