ओर्लीनाने लिहून घेतलेली ओळ

मी एक जुने खरेदीखत आहे. मित्रांनो, माझ्यावर मोहोर आहे, सह्या आहेत, अक्षरही वळणदार आहे. पण म्हणून माझ्यावर लगेच विश्वास टाकू नका. मी स्वतःच टाकत नाही.

सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत, केंटकीच्या पूर्वेकडच्या डोंगरांत, हायरम आणि ओर्लीना या नवराबायकोच्या जेवणाच्या टेबलावर माझा जन्म झाला. कोळसा कंपनीचे क्राउस साहेब मला छापूनच घेऊन आले होते. फक्त नावे आणि चतुःसीमा भरायच्या बाकी होत्या. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. दारोदार एकच मजकूर फिरतो, तेव्हा तो घरातल्या माणसाच्या सोयीचा नसतो.

"जमीन तुमचीच राहणार," क्राउस साहेब मक्याची भाकरी ताकात बुडवत म्हणाले. "नांगरा, गाई चारा. आम्हाला फक्त खालचं हवंय. खाली तुमचं काय काम?"

हायरम हसला आणि त्याने सही ठोकली. कोळसा, तेल, दगड, जे जे जमिनीखाली आहे ते सारे कंपनीचे झाले. ते काढायला जमिनीवर कंपनीला सोयीचे वाटेल ते करण्याची मुभाही माझ्या पोटात होती. ते कलम बारीक अक्षरात होते. मला आजही त्याची लाज वाटते.

पण त्या काळी नवऱ्याच्या सहीवर भागत नसे. सरकारी कचेरीच्या कारकुनाने बायकोला नवऱ्यापासून बाजूला नेऊन, ती राजीखुशीने मान्यता देते का, हे विचारायचे असा कायदा होता. बहुतेक बायका मान डोलावून मोकळ्या होत. क्राउस साहेबांबरोबर आलेल्या कारकुनाने ओर्लीनाला परसात नेले. मी त्याच्याच हातात होते.

"राजीखुशीने ना, बाई?"

"आधी वाचा. सगळं."

ओर्लीनाला अक्षर ओळखता येत नव्हते, पण तिचे कान तिखट होते. कारकुनाने घडाघडा वाचले. ती मध्येच म्हणाली, "थांबा. खालचं सगळं म्हणालात. माझी आई त्या टेकाडावर खालीच आहे. दोन लेकरं खालीच आहेत. तीही विकली का मी?"

आतून हायरम ओरडला, "अगं, मेलेली माणसं म्हणजे कोळसा आहे का?"

"तुम्ही गप्प बसा! कायद्यानं तुम्हाला इथं बोलायची सोय नाही."

क्राउस साहेबांना त्या दिवशी आणखी तीन घरे उरकायची होती. ते बाहेर येऊन म्हणाले, "लिहा हो काय म्हणते ते."

मग माझ्या समासात एक ओळ आली: दफनभूमी आणि तिच्या चहूबाजूंची वीस पावले जमीन, वरून पाताळापर्यंत, विक्रीतून वगळली आहे. ओर्लीनाने त्या ओळीशेजारी सही म्हणून वेगळी फुली मारली. कारकुनालाही तिथेच सही करायला लावली.

"तुमचा माझ्यावर भरवसा नाही की काय?" कारकून म्हणाला.

"भरवसा आहे हो. म्हणूनच सही मागतेय," ती म्हणाली. तिचे डोळे मात्र काही वेगळेच सांगत होते.

पुढे दरवर्षी मे महिन्यात सारे नातलग कबरींवर फुले वाहायला आणि तिथेच गवतावर पंगत मांडायला जमत. तेव्हा ओर्लीना मला बायबलमधून काढून वाचून घेई. एका वर्षी मास्तरीणबाईंकडून, दुसऱ्या वर्षी पाद्रीबाबांकडून, कधी शिंप्याकडून. एकाचे वाचन दुसऱ्याशी जुळते का, ते ती ताडून पाही. लोक हसत. "म्हातारी रात्रीतून अक्षरं बदलतील म्हणून भिते," असे म्हणत. मलाही वाईट वाटे. मी कोणासमोर कधी वेगळे बोलले होते? पुढे ओर्लीनालाही त्याच टेकाडावर पुरले. त्यानंतर मला कोणी वाचले नाही. उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला.

माझ्या जन्मानंतर सत्तर वर्षांनी बुलडोझर आला. ओर्लीनाची नात व्हर्ली टेकाडाच्या वाटेवर खुर्ची टाकून बसली. तिच्या मांडीवर मी होते.

कंपनीचा इंजिनियर कागद नाचवत म्हणाला, "मावशी, ही कचेरीच्या वहीतली नक्कल. यात तुमची ओळ नाही."

"मग माझी आजी खोटं लिहून घेणारी, असं म्हणायचंय का तुला?"

"नंतर कोणीतरी घातली असेल."

बघितलेत, मित्रांनो? कारकुनाने वहीत छापील मजकूर तेवढा उतरवला होता आणि समास सोडून दिला होता. ती चूक होती की कोणी चहापाणी केले होते, ते मला आजही ठाऊक नाही. माझा संशय आहे.

प्रकरण न्यायाधीशांपुढे गेले. त्यांनी भिंगाने माझा समास पाहिला. ओळीशेजारची सही कचेरीच्या वहीतल्या त्याच कारकुनाच्या सहीशी ताडली. दोन्ही एकाच हाताच्या निघाल्या. ओळ टिकली.

व्हर्लीला रडू आवरेना. मग न्यायाधीशांनी माझा उरलेला मजकूर, त्या बारीक अक्षरातल्या कलमासकट, वाचला. तोही टिकला.

कंपनीने डोंगर सोलून काढला. झरा गेला, मक्याचे शेत गेले, व्हर्लीचे अंगणही गेले. आता त्या ओसाड सपाटीच्या मधोमध एक टेकाड उभे आहे. त्यावर एकोणीस कबरी आहेत. मे महिन्यात व्हर्लीची नातवंडे शिडी लावून फुले घेऊन वर चढतात.

मित्रांनो, त्या डोंगराला मी विकले. माझ्यात चांगली अशी एकच ओळ आहे आणि ती वाचता न येणाऱ्या बाईची आहे. मला जपू नका, मला वाचा. वाचता येत नसेल तर दोघांकडून वाचून घ्या, आणि ते दोघे एकमेकांचे मित्र नाहीत ना, तेही बघा. सही त्यानंतर करा.