मालक कोण?

“सगळे पैसे एकदम उचलू नकोस गं. महिन्याच्या महिन्याला येऊ देत. कुणापुढे हात पसरायला नको.”

देवाघरी जाण्याआधी यजमान हे इतक्यांदा म्हणाले होते, की वार्षिकीच्या, म्हणजे दरमहा पैसे देणाऱ्या योजनेच्या, कचेरीत बसलेल्या आईंना समोरच्या बाईंपेक्षा त्यांचाच आवाज जास्त ऐकू येत होता.

“अर्जात मालक म्हणून तुम्ही यजमानांचं नाव लिहिलंय,” बाई म्हणाल्या.

“मग? तेच ना माझे मालक.”

बाईंनी हसू ओठांत दाबलं. “अहो, ते मालक नव्हेत! या योजनेचा मालक आता कोण, असं विचारलंय. पत्नी मालक झाली, तर दरमहाचे पैसे चालू राहतात. कर त्यातल्या व्याजापुरता, तोही किरकोळ. नाहीतर योजना बंद. सगळी रक्कम एकदम हातात, आणि इतक्या वर्षांचं व्याज एकाच वर्षाची कमाई धरतात. मोठा लचका करातच जाईल. दुरुस्तीला उद्यापर्यंत मुदत आहे.”

“दुरुस्ती नकोच,” शेजारून मुलगा म्हणाला. “एकदमच हवेत. मी दुकानाच्या गाळ्याला विसार दिलाय.”

“मी ताईंना विचारतेय.”

“तिला काय कळतंय त्यातलं?”

आईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडवला.

बसमध्ये मुलगा मऊ झाला. “तुला काय कमी पडणार आहे, आई? मी आहे ना?”

तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर भांडता आलं असतं. त्याच्याच घरातल्या दिवाणावर त्या निजत, तेही सगळ्यांचा टीव्ही बघून झाल्यावर. मागे चष्म्याची काडी मोडली, तेव्हा दोऱ्याने बांधून वावरल्या. मागायचं कसं, तेच सुचेना. त्याने आपण होऊन नवा चष्मा आणला. मग येईल त्या पाहुण्याला दाखवला.

संध्याकाळी सुनेने भांडी घासताना नळ मोठा सोडला आणि मान वर न करता म्हणाली, “उद्या एकट्याच जा, आई.”

“अगं, त्याचा विसार बुडेल.”

“बुडू दे. गाळा बुडाला तर सगळेच बुडू. निदान तुमचं तरी तरू दे. मी बोलले, तर मला या घरात राहणं मुश्कील होईल. माझं नाव मात्र घेऊ नका. वचन द्या.”

आईंनी तिच्या फेसाळ हातावर हात ठेवला. “नाही घेणार, बाळ.”

सकाळी त्या चपला घालत होत्या, तोच मुलगा गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आला.

“कुठे निघालीस?”

“कचेरीत. नाव बदलायला.”

तो बघतच राहिला. “हे तुझ्या डोक्यातलं नव्हे. कुणी भरवलं?”

स्वयंपाकघरात चिरणारी सुरी थांबली.

“मला कोण भरवणार? म्हातारपणी बुद्धी फिरली म्हण.”

“ठीक आहे. मग पुन्हा माझ्याकडे काही मागू नकोस.”

“बरं.”

सुरी पुन्हा चालू झाली. आईंनी दार हलकेच ओढून घेतलं आणि कठड्याला धरून जिना उतरू लागल्या.