रिकामी बाबागाडी

मी बाबागाडी बोलतेय. वसईच्या पाचूबंदरला, रोझलीनबायच्या पडवीत उभी असते ती. पुढचं एक चाक वाकडं झालंय, छपराचा निळा रंग खाऱ्या वाऱ्याने उडालाय आणि अंगात सुक्या बोंबलांचा वास मुरलाय. दिसायला आता काही खास नाही, पण जे पाहिलं ते सांगण्यासारखं आहे.

मला आठवतं ते अमेरिकेपासूनचं. हॅनाच्या आईने मला दुकानातून घरी आणलं, कारण हॅनाला मुलगी झाली होती, रिचेल. हॅनाचा नवरा डेरिक मात्र या पाचूबंदरचाच, मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळणारा. जहाज तिकडच्या बंदराला लागलं, ओळख झाली, लग्न झालं. मी तिथल्या गुळगुळीत फूटपाथवरून रिचेलला फिरवायचे. समोरून येणारी माणसं वाकून हसायची, दोन गोड शब्द बोलायची आणि पुढे जायची. दुसऱ्याच्या मुलाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, ही तिथली रीत. मला वाटायचं, जगभर असंच असणार.

मग डेरिकचे वडील गेले आणि इकडे त्याची आई, रोझलीनबाय, एकटी पडली. "थोडी वर्षं तरी तिच्याजवळ राहू," तो म्हणाला. हॅनाने विचार केला, रडली, आणि हो म्हणाली. घडी घालून मला विमानात टाकलं ते इथे पडवीत उघडलं.

पहिल्याच दिवशी अख्खी आळी बघायला जमली. सुनेला आणि मलाही. रोझलीनबायला 'हॅना' म्हणता येईना. तिच्या तोंडून 'हाना' निघालं, पोरांना ते 'हाणा' वाटलं आणि ती खिदळायला लागली. "हाना? कोनाला हाना?" हॅनाला काही कळलं नाही, पण सगळे हसतायत म्हणून तीही हसली. तेव्हापासून ती आळीत हानाबाय झाली.

युजीनचा जन्म इथलाच. रिचेल खाली उतरून वाळूत पळायला लागली होती, म्हणून माझ्यात तो आला. डेरिक बोटीवर गेला की महिनोन् महिने घरात या दोघी बायका आणि दोन मुलं. दोघींचं एकमेकींवाचून अडायचं आणि दोघींचं एकाही गोष्टीत जमायचं नाही. हॅना म्हणायची, बाळाने वेगळं झोपावं. रोझलीनबाय त्याला उचलून आपल्या कुशीत घ्यायची. हॅना गाजर उकडून, कुस्करून चमच्याने भरवायची. रोझलीनबाय पापलेटाचा काटा काढून, मऊ भातात कालवून, मुलाच्या मागे अंगणभर फिरत घास द्यायची. रिचेल चमचा बाजूला सारून सांगायची, "मना आजीच्या हातचं पायजे." ते वाक्य हॅनाला न शिकवता समजलं.

माझ्यावरूनही कुरबुर होती. "पोराला पट्ट्यानं बांधलाय," रोझलीनबाय शेजारच्या स्टेफीला सांगायची. "काय पलून जानार हाय तो?" हॅनाला सगळ्यात जड जायचं ते लोकांचं उचलणं. येणारी-जाणारी प्रत्येक बाई न विचारता युजीनला माझ्यातून काढायची, गालाचे मुके घ्यायची, तोंडात साखरेचा दाणा टाकायची. हॅना कसंनुसं हसायची. पण माझ्या दांड्यावरची तिची बोटं घट्ट व्हायची, ते मलाच कळायचं.

एका सकाळी ती आम्हाला घेऊन बंदरावर गेली. होड्या लागल्या होत्या, मासळीचा लिलाव चालू होता. रिचेलची चप्पल चिखलात रुतली. हॅनाने मला बोंबील वाळत घातलेल्या बांबूंजवळ उभं केलं, ब्रेक लावला आणि चप्पल काढायला खाली वाकली. चप्पल निघाली, तर रिचेलचा पाय रुतला. त्यात थोडा वेळ गेला.

ती वळली, तेव्हा मी रिकामी होते.

पट्टा सुटून लोंबत होता. हॅनाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती आधी माझ्याखाली बघू लागली, मग पाण्याकडे. मग ओरडली. असा आवाज मी कुणाचा ऐकला नव्हता. लिलाव थांबला. रिचेलला काखेत मारून ती होड्यांमधून धावत सुटली, आणि तेवढ्यात बर्फाच्या शेडमागून मालनबाय आली. मासे विकणारी, आळीतली सगळ्यात वयस्क बाई. युजीन तिच्या कडेवर मजेत तिच्या गळ्यातली पोत चोखत होता.

हॅनाने त्याला हिसकावून घेतलं. इंग्रजीत काय काय बोलली. ते कुणाला कळलं नाही, आणि ते तिथेच विरून गेलं असतं. पण मग रिचेलच्या खेळातून शिकलेला एक मराठी शब्द तिच्या तोंडून निघाला.

"चोर!" ती म्हणाली. "चोर!"

मालनबायने पदराने गळा पुसला आणि आपल्या पाटीजवळ जाऊन बसली.

आम्ही घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचली होती. रोझलीनबाय पडवीत उभीच होती. तिने हॅनाला आत येऊ दिलं, पाणी दिलं, आणि मग रिचेलला समोर बसवलं. कारण या घरात दोन्हीकडचं बोलणं पुरतं समजणारी ती चिमुरडी एकटीच होती.

"तुझ्या आयला सांग," रोझलीनबाय म्हणाली, "डेरिक झाला तवा मी तापानं पडलेली. मना दूध नव्हतं. मालननं तिच्या पोरीबरोबर माझ्या पोराला पाजलान. तो जगला तो तिच्यानं."

रिचेलने इंग्रजीत सांगितलं, की मालनआजीने पप्पांना दूध दिलं. हॅनाने नुसती मान हलवली. तिला वाटलं, पेलाभर दूध. रोझलीनबायच्या ते लक्षात आलं. तिने उठून युजीनला हॅनाच्या छातीशी धरलं, आणि तसंच धरून तिच्याकडे बघत राहिली.

आता हॅनाला कळलं. त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही.

दुसऱ्या सकाळी ती दोन्ही मुलांना आणि मला घेऊन पुन्हा बंदरावर गेली. रोझलीनबाय म्हणत होती, मालनच्या घरी जा, चार भिंतींत बोल. पण हॅना म्हणाली, "काल सगळ्यांनी ऐकलं. आज पण सगळ्यांनी." भर लिलावात मालनबायसमोर उभी राहिली. पाठ करून आली होती, तरी शब्द अडखळलेच.

"मालनबाय, मी वाईट बोलली. तू चोर नाय. तू आई. मी घाबरली."

मालनबाय बोंबील निवडत होती, निवडतच राहिली. "पोर उन्हात होतं," ती म्हणाली. "तोंड लाल झालेलं. तुला दोनदा हाका मारल्या. तू चिखलात."

"मी ऐकली नाय," हॅना म्हणाली. "माझ्या गावात आधी विचारतात."

"आनि तू कामात असलीस, तर तुझ्या गावात पोराला कोन बघतं?"

रिचेलने प्रश्न समजावला. हॅनाने युजीनकडे बघितलं. मग म्हणाली, "कोन नाय. मी एकटी."

मालनबायचे हात थांबले. तिने पहिल्यांदा वर बघितलं. पाण्याने हात धुतले, पदराला पुसले आणि पुढे केले. हॅनाने माझा पट्टा सोडून युजीनला तिच्याकडे दिलं. मग मालनबायने डोक्यावरची चुंबळ काढून माझ्यात ठेवली. "ही दिसली की समज, पोर मालनकडं हाय. आता जा, चपला बघ नायतर पोरगी बघ."

ती पद्धत आळीने उचलली. मुलाला घेणारी बाई आपलं काहीतरी माझ्यात ठेवून जायची. स्टेफीचा केसांचा चाप, कुणाची ओढणी, कुणाची कोथिंबिरीची जुडी. म्हातारा प्लासिड युजीनला होडी दाखवायला न्यायचा आणि आपली टोपी ठेवायचा. हॅना त्या वस्तू बघून निवांत चहा पिऊ लागली. आणि दुपारी बाळ कुणाकुणाकडे हिंडत असताना पडवीत बसून रोझलीनबायकडून कोळंबी सोलायला शिकू लागली.

एवढ्यात अमेरिकेहून फोन आला. हॅनाची आई जिन्यावरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. हॅनाने दोन्ही मुलांना घेतलं आणि गेली. मला न्यायला जागा नव्हती.

महिने उलटले. डेरिक बोटीवर, घर सुनं. पूर्वी मला नावं ठेवणारी रोझलीनबाय आता रोज ओल्या फडक्याने मला पुसायची. संध्याकाळी मालनबाय येऊन माझ्याशेजारी बसायची.

"येईल काय गं?"

"तिची आय तिथं पडलीय. मी कुठल्या तोंडानं ये म्हनू?"

"मग नको म्हनूस," मालनबाय म्हणायची, आणि दोघी समुद्राकडे बघत बसायच्या. फोनच्या काचेत युजीन दिसायचा, पण त्याला जवळ घेता यायचं नाही.

शेवटी एका दुपारी दारात रिक्षा थांबली. मालनबाय, स्टेफी, आळीतल्या सगळ्या बायका पडवीत वाट बघत होत्या. आधी रिचेल उडी मारून आली आणि आजीच्या पोटाला बिलगली. मग हॅना उतरली. बारीक झाली होती. तिची आई काठी घेऊन चालू लागली होती, आणि 'आता जा' म्हणून तिनेच तिकिटं काढून दिली होती. हॅनाने युजीनला रिक्षातून उचललं. रोझलीनबायने मला पुढे ढकललं. माझ्यात नवी चादर घातलेली होती.

हॅनाने त्याला माझ्यात ठेवलं नाही. जमिनीवर उभं केलं आणि हात सोडला.

तो डुलला, सावरला, आणि चालला. माझ्या बाजूने, माझ्याकडे न बघता, थेट मालनबायच्या पसरलेल्या हातांत.

सगळ्या बायका एकदम ओरडल्या. हॅना रोझलीनबायजवळ गेली आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "तिथं पहिल्यांदा चालला. माझी आई खूश झाली. पण मी रडली. मना वाटलं, तुम्ही सगळ्या पायजे होत्या." रोझलीनबायने तिला जवळ ओढलं. दोघींच्या मधे माझा दांडा आला, तो त्यांनी बाजूला केला.

युजीन पुन्हा माझ्यात बसला नाही. हल्ली मी मालनबायचा बर्फ वाहते. बंदरापासून तिच्या पाटीपर्यंत, खडखडत. वाईट वाटत नाही असं म्हणणार नाही. मूल अंगावरून उतरून गेलं की त्याची ऊब थोडे दिवस उरते, मग तीही जाते. पण परवा स्टेफीने मला साबणाने घासून धुतलं. तिला दिवस गेलेत. वाकडं चाक कुणाकडून सरळ करून घ्यायचं ते ती नवऱ्याला सांगत होती.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, एवढंच मागते. माझ्यासारखी एखादी तुमच्या दारात असेल तर मुलाला तिच्यात जरूर बसवा. मात्र ते उतरायला धडपडलं की पट्टा आवळू नका. उतरू द्या त्याला. चार हात पुढे केलेले असतील, त्यांतले कुठले धरायचे ते त्याचं त्यालाच ठरवू द्या.