निळीची घाई

भिंगरीच्या डोक्यावर दोन भोवरे होते, म्हणून ती भिंगरी. नाव आईनेच ठेवलेलं. त्या दोन भोवऱ्यांपुढे कंगव्याचं काही चालत नसे, आणि लहानपणी वेणी घालताना आईच्या तोंडाचा पट्टा रोज सुटायचा. आता भिंगरीने पन्नाशी गाठली होती. चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर लोकांचे नंबर काढायची, आणि घरी तिला त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

म्हणजे आई होती की, अगदी पलीकडच्याच खोलीत. पण ती आताशा लेकीला "अहो बाई" म्हणायची.

रस्त्याकडेच्या खोलीत आईने चाळीस वर्षं बायकांचे केस रंगवले होते, तेही फक्त मेंदीने आणि निळीच्या पाल्याच्या पुडीने. बाटलीतल्या रंगाचं नाव काढलं की ती नाक मुरडायची. लेकीचं डोकंसुद्धा दर महिन्याला तिच्याच हाताखालून जायचं. दोन वर्षांपूर्वी तिला विसर पडायला लागला आणि खोली बंद झाली. भिंगरीने बाटलीतला रंग लावून पाहिला, तर डोक्याची अशी आग झाली की तिने कानाला खडा लावला. बघता बघता केस पांढरेशुभ्र झाले. मग एके सकाळी आईने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "बाई, माझी मुलगी कधी यायचीय हो? काळ्याभोर केसांची आहे. तुम्हाला दिसली का कुठे?"

तो प्रश्न पुढे रोजचाच झाला. शेवटी भिंगरीने ठरवलं, केस काळे करायचे. मग तरी आई ओळखेल.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तिने लोखंडी कढईत मेंदी भिजवली, लिंबू पिळलं. सकाळी उठल्या उठल्या जास्तीचं शहाणपण करून नीळही भिजवून ठेवली, म्हणजे ऐनवेळी तारांबळ नको. दहा वाजता ती बंद खोली उघडून आरशासमोर बसते न बसते, तोच वासामागोमाग आई दारात हजर.

"हे कुणी भिजवलं?"

"मीच."

आईने निळीचं भांडं नाकाशी नेलं. "कधी?"

"सातला."

"मेली ही. मेंदी हवी तर रात्रभर झोपू द्या, ती काही म्हणायची नाही. नीळ भिजली की पाव तासात डोक्यावर चढली पाहिजे. आणि हिच्यातही लिंबू पिळलंत? अहो बाई, तुम्हाला शिकवलं कुणी?"

"कुणीच नाही," भिंगरी म्हणाली. खरंच होतं ते. इतकी वर्षं त्या हातांखाली बसून तिने कधी साधं विचारलंही नव्हतं.

आईने भांडं मोरीत ओतलं आणि पदर खोचला. सकाळी चहा घेतला की नाही हे न आठवणारी ही बाई. पण पुढे तिचं कुठे म्हणून अडलं नाही. कंगव्यातले चार केस काढून तिने मेंदीत बुडवून पाहिले, खिडकीच्या उजेडात धरले, मान डोलावली. कपाळाच्या कडेला तेलाचं बोट फिरवलं. मग कुंचल्याने बटेमागून बट, मुळापासून टोकापर्यंत, एक थेंब कानावर न पाडता. भिंगरी आरशात बघतच राहिली. दिवसभर यंत्रातून लोकांचे डोळे तपासणाऱ्या तिने आपल्या आईचे हात असे कधी पाहिलेच नव्हते. किती देखणं काम होतं ते!

दोन तासांनी नुसत्या पाण्याने केस धुतले. डोकं गाजरासारखं झालं.

"हसू नका," आई म्हणाली. "खालचा हा लाल नसेल, तर वरचा काळा टिकत नाही."

मग तिने निळीची ताजी पूड कोमट पाण्यात कालवली, वर चिमूटभर मीठ टाकलं. घड्याळाकडे न पाहता बरोबर वेळेला भांडं उचललं. नीळ ती बोटांनीच लावायची, कुंचल्याइतका वेळ निळीला नसतो म्हणून.

"मान खाली घ्या, बाई."

बोटं भराभर चालली होती. माथ्यावर आली आणि थांबली. एका भोवऱ्यावरून फिरली. मग दुसऱ्यावरून. परत पहिल्यावर.

नीळ थांबत नाही हे जगाला सांगणारी आई तशीच उभी राहिली.

"सरळ भांग कधी पडणार आहे गं तुझा?"

मान वर करायची भिंगरीची हिंमत होईना.

"आणि इतके दिवस होतीस कुठे? केस पांढरे होईपर्यंत आईची आठवण नाही?"

"चुकलंच, आई."

"रडू नकोस, ओघळ येतील." बोटं पुन्हा चालू लागली, आता आणखी भराभर.

तासाभराने धुतल्यावर केस हिरवट दिसायला लागले. भिंगरीने घाबरून आरशात पाहिलं. आईने टॉवेल तिच्या डोक्याभोवती घट्ट गुंडाळला आणि तिचे खांदे धरून तिला परत खुर्चीत बसवलं.

"काळा रंग चढायला दोन दिवस लागतात, भिंगरे. तोवर कुठे जायचं नाही."

"नाही जात," भिंगरी म्हणाली.