माइकवरचं नाव

अरुणाबाईंनी चौकशीच्या काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि स्पष्ट उच्चारांत सांगितलं, "समबडी इज मिसिंग."

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या मॉलमध्ये शनिवारची गर्दी होती. काउंटरमागच्या मुलीने पेन उचललं. तिच्या बिल्ल्यावर जेमा लिहिलं होतं.

"हू, लव्ह?"

"समवन फ्रॉम माय फॅमिली."

"एनीवन विथ देम?"

"नो वन."

इंग्रजी बिनचूक होतं. नागपूरच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी मुलींकडून ही अनिश्चित सर्वनामं घोटून घेतली होती. 'एव्हरीबडी'पुढे 'हॅव' लिहिणारीला तेच वाक्य वीस वेळा लिहावं लागे. फळ्यावरची उदाहरणं मात्र घरातली असत. 'समबडी स्नोअर्स इन माय हाउस.' मुली फिदीफिदी हसत. त्या समबडीचं नाव बाईंनी लग्नाच्या बावन्न वर्षांत उखाण्याशिवाय कधी तोंडाने घेतलं नव्हतं.

आताही त्यांनी ते कागदावर लिहून दिलं.

घड्याळाचा सेल बदलून दहा मिनिटांत येतो, असं सांगून उल्हासराव गेले होते. त्याला पाऊण तास झाला. फोन घरी चार्जिंगला. मागच्या महिन्यात ते चुकीच्या स्टॉपवर उतरून दोन तास भटकले, तेव्हा वरद म्हणाला होता, "आई, अजून एकदा असं झालं ना, तर बाबांचं एकट्याने फिरणं बंद." आणि सकाळचा फेरफटका बंद झाला, तर हा माणूस खुर्चीत बसून वाळून जाईल, हे अरुणाबाईंना पक्कं ठाऊक होतं.

जेमाने माइकवर पुकारलं, "मिस्टर युलहॅझ." मग पुन्हा एकदा, "मिस्टर युलहॅझ."

कोणी आलं नाही.

"मी नीट म्हणतेय ना?" तिने इंग्रजीत विचारलं.

अरुणाबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"मग तुम्हीच म्हणा." तिने इकडेतिकडे पाहून माइक त्यांच्याकडे वळवला.

बाईंनी पदर सारखा केला. घसा खाकरला. तोंड उघडलं आणि मिटलं. मागे बाबागाडीवाली एक बाई रांगेत उभी होती. जेमाने हाताने 'बोला' अशी खूण केली. नुसतं नाव काही केल्या जिभेवर येईना. मग त्यांनी डोळे मिटले, मान खाली घातली, आणि सबंध मॉलला ऐकू गेलं,

"समबडी, नोबडी शिकवण्यात सरली वर्षं सारी,
उल्हासराव, लवकर या, मी उभी चौकशीच्या दारी."

"दॅट वॉज लव्हली," बाबागाडीवाली म्हणाली. "काय होतं ते?"

"अॅन अनाउन्समेंट," अरुणाबाई म्हणाल्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

पाच मिनिटं गेली. कोणी आलं नाही. शेवटी त्याच शोधायला निघाल्या. मॉलच्या दुसऱ्या टोकाला, सरकत्या जिन्याखालच्या बाकावर उल्हासराव गुडघ्यावर टोपी ठेवून आरामात बसले होते.

"अहो, इथे काय बसलात? कधीची शोधतेय."

"तूच म्हणालीस, सेल झाला की सरकत्या जिन्याखाली बसा. चाळीस मिनिटं बसलोय. तू कुठे होतीस?"

मॉलला सरकते जिने दोन होते. अरुणाबाईंनी पर्स उघडली आणि उगाचच बंद केली.

"वरदला काही सांगायची गरज नाही," त्या म्हणाल्या.

"तू हरवलीस ते?"

"माइकवरून बोलावलं, ते तरी ऐकायचं."

"कोणा युलहॅझला बोलावत होते."

"त्यानंतर?"

उल्हासरावांनी गुडघ्यावरची टोपी सावकाश फिरवली. "त्यानंतरचंही ऐकलं."

"मग उठला का नाहीत?"

"म्हटलं, युलहॅझला दोनदा पुकारलं. मलाही दोनदा पुकारतील."

अरुणाबाई बाकावर टेकल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. जवळपास कोणी नव्हतं. मग त्या त्यांच्या कानाशी वाकल्या, दुसऱ्यांदा पुकारायला.