बारावं नाव

वेलांटीकाकांनी जुन्या अंकांची जाडजूड फाईल टेबलावर आडवी केली, बाहीनं धूळ पुसली आणि पिवळ्या पडलेल्या पानावरच्या काळ्या चौकटीत बोट ठेवून नावं मोजली. अकरा भरली. बोट अकराव्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर थांबलं.

"इथे आणखी एक नाव होतं," ते म्हणाले.

समोर बसलेल्या संपादकबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "कुठे?"

"इथे, शेवटी. बारावं. छापायच्या आधीचं मुद्रित मीच तपासलं होतं. नाव, वय, पत्ता, सगळं बरोबर होतं."

दैनिकाच्या कचेरीत त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सदतीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली. मंत्र्याच्या भाषणापासून हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीपर्यंत ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत कुणाची गय केली नाही, म्हणून कुणीतरी त्यांना वेलांटीकाका म्हटलं आणि तेच चिकटलं. निवृत्त होऊनही दहा-एक वर्षं झाली होती, पण सकाळी दहाच्या ठोक्याला ते हजर असत आणि त्यांना घरी जा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

तीन आठवड्यांवर पेपरचा पन्नासावा वाढदिवस आला होता. त्यानिमित्त पेपरचा इतिहास सांगणारी पुरवणी काढायची होती. बाईंनी पहिल्याच बैठकीत बजावलं होतं, "आपलीच पाठ थोपटून घ्यायची नाही. चुकलो असू तर तेही छापायचं."

पेपर नेमका कुणाचा, हा प्रश्न शहरानं पन्नास वर्षं चघळला होता. कारखानदार म्हणत, हा लाल आहे. लाल झेंडेवाले म्हणत, मालकांच्या खिशातला आहे. एका निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी त्याचे गठ्ठे चौकात जाळले, पुढच्या निवडणुकीत विरोधकांनी. ज्यांनी पेपर काढला ते साहेब दोन्हीकडची शिव्यांची पत्रं एकाच पानावर शेजारी शेजारी छापत आणि म्हणत, "दोन्ही गाल सारखेच लाल झालेत, म्हणजे आपण मधोमध आहोत." पेपरच्या नावाखालची ओळही त्यांचीच होती: कुणाचाही नाही, म्हणून सगळ्यांचा.

पण पेपरला खरी पत मिळवून दिली ती या पिवळ्या पानानं. काचकारखान्याच्या संपात पोलिसांनी फाटकासमोर गोळ्या झाडल्या. सरकार म्हणालं, काही जण किरकोळ जखमी. शहरातल्या बाकीच्या पेपरांनी तेच छापलं. चार वर्षांच्या या पोरसवदा दैनिकानं मात्र मेलेल्यांची नावं वय-पत्त्यांसकट काळ्या चौकटीत छापली. लोकांनी तो अंक कापून भिंतीवर लावला. पुढे चार महिने सरकारनं कागद अडवून धरला, पेपर दोन पानांवर आला, पण बंद पडला नाही.

"आणि बारावा कोण?" बाईंनी विचारलं.

"भट्टीवर काम करायचा. तो गोळीनं नाही गेला. गोळीबाराच्या आधी, सकाळीच, मागच्या भिंतीपाशी. संप मोडून आत शिरतोय म्हणून संपकऱ्यांनीच वीट घातली डोक्यात."

खोलीतला पंखा कुरकुरत होता. बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला आणि वाकून ती कोरी जागा पाहिली.

"काढलं कुणी?"

"साहेबांनी. संध्याकाळी वरून खाली आले, मुद्रित मागितलं आणि त्या नावावर रेघ मारली. मी म्हटलं, बातमीदारानं प्रेत पाहिलंय. म्हणाले, माझी खात्री झालेली नाही. एवढंच."

यापुढचं त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ते साहेबांच्या खोलीत गेले होते आणि उभ्याउभ्याच म्हणाले होते, "तुम्हीही शेवटी एका बाजूचेच निघालात." साहेबांनी टेबलावरचा सरळच असलेला कागद आणखी सरळ केला. त्याआधी दोघं रोज दुपारी गच्चीवर एका कपातला चहा दोन बशांत ओतून प्यायचे. शब्दांवरून तास तास भांडायचे. त्या दिवसानंतर बोलणं मजकुरापुरतं उरलं. नोकरी सोडायचं काकांनी दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा अर्ज लिहून फाडला. गेल्या वर्षी साहेब गेले तेव्हा सगळी कचेरी स्मशानात गेली. काका टेबलाशी बसून मृत्युलेखाचं मुद्रित तपासत होते. दोन चुका निघाल्या.

"काका, हे पहिल्या पानावर जायला हवं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "आपण एका माणसाचं मरण लपवलं, कारण ते आपल्या बाजूला सोयीचं नव्हतं. त्याच्या घरचं कुणी असेल तर शोधा. त्यांचं म्हणणं घेतल्याशिवाय नको."

शोधायला आठवडा लागला. भट्टीवाल्याची बायको चार वर्षांपूर्वी वारली होती. मुलगी होती. कारखान्यामागच्या वस्तीत शाळेचे गणवेश शिवायची.

दुपारी तीनच्या सुमारास काका तिच्या दारात उभे राहिले. पन्नाशी ओलांडलेली, गळ्यात मापाची पट्टी, बोटांना खडूची पांढरी भुकटी. खोलीत निळ्या शर्टांचा ढीग छातीइतका उंच होता आणि बिनकॉलरचे शर्ट एका बाजूला, कॉलरी दुसऱ्या बाजूला रचल्या होत्या. पलीकडच्या खोलीचा पडदा अर्धा सरकलेला होता. आत पलंगावर कुणीतरी पाठमोरं निजलं होतं.

काकांनी पेपरचं नाव सांगितलं. तिनं खुर्चीवरचे शर्ट उचलून जागा केली, पाणी दिलं. मग त्यांनी घसा खाकरून, पाठ केल्यासारखं, सगळं सांगितलं. तुमच्या वडिलांचं नाव छापायला हवं होतं. ते छापलं गेलं नाही. आमची चूक झाली. आता ती दुरुस्त करायची आहे.

ती ऐकत होती आणि हातातल्या कॉलरीची कड नखानं दाबून घडी पक्की करत होती. काकांचं बोलणं संपलं तेव्हा तिनं पडद्याकडे एकदा पाहिलं, उठून तो पूर्ण ओढला आणि स्टूल त्यांच्याजवळ घेऊन बसली.

"काका, जरा हळू बोलू या. मामाला झोप लागलीय."

"हो, हो."

"चूक नव्हती ती. आईनंच सांगितलं होतं, छापू नका म्हणून."

काकांनी कानामागे हात नेला. त्यांना नीट ऐकू आलं होतं.

"मी सहा वर्षांची होते. दिवे लागायच्या वेळी आईनं माझा हात धरला आणि तुमच्या कचेरीत नेलं. पुढून नाही, मागच्या लोखंडी जिन्यानं. वर एक उंचसे गृहस्थ होते, शाईनं बोटं काळी झालेली."

"साहेब."

"नाव नाही माहीत मला. आई त्यांच्यासमोर रडली नाही. म्हणाली, नवरा गेला, आता भाऊ तरी राहू द्या." तिनं आवाज आणखी खाली आणला. "माझा मामा त्या घोळक्यात होता, काका. वीट त्याच्या हातातून गेली की दुसऱ्या कुणाच्या, ते त्यालाही कधी कळलं नसेल. सगळ्यांनीच मारल्या. पण आईनं आदल्या दिवशी धुतलेला त्याचा शर्ट संध्याकाळी रक्तानं डागलेला पाहिला. आमच्याकडेच जेवायला असायचा ना तो."

बाहेर रस्त्यावरून हातगाडी गेली. खडखडाट संपेपर्यंत तिनं हातातल्या कॉलरीची कड पुन्हा एकदा दाबली.

"पोलिसांच्या कागदावर 'भिंतीवरून पडून मृत्यू' असंच लागलं. त्या धामधुमीत कुणाला वेळ होता? पण पेपरात आलं असतं, वीट घातली म्हणून, तर चौकशी झाली असती. मालकांना तर तेच हवं होतं. मामा गेला असता फासावर."

"आणि साहेब काय म्हणाले?"

"आई पुढे कैकदा सांगायची, म्हणून पाठ आहे मला. म्हणाले, बाई, मी खोटं छापणार नाही. पण सगळंच छापीन असंही मी कुणाला लिहून दिलेलं नाही. आणि म्हणाले, का छापलं नाही हे माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही. माझ्या जवळच्या माणसालाही नाही."

काकांनी पाण्याचं भांडं उचललं. ते रिकामं होतं. तसंच ओठाला लावून त्यांनी खाली ठेवलं.

"वडील संप मोडायला गेले नव्हते, एवढं तुम्हाला म्हणून सांगते," ती म्हणाली. "भट्टी विझली तर आत काच थिजते. मग भट्टी तडकते आणि कारखाना वर्षभर उठत नाही. संप संपल्यावर लोकांनी परत जायचं कुठे? म्हणून कोळसा घालायला भिंतीवरून उतरत होते. हे आईला माहीत होतं. मामाला नंतर कळलं."

"आणि तुमच्या आईला ठाऊक होतं, हे मामांना…"

तिनं मान हलवली. "नाही. आई गेली तरी नाही. मामानं लग्न केलं नाही. वडिलांच्या जागी भट्टीवर उभा राहिला, आम्हाला वाढवलं, आईच्या शेवटच्या दुखण्यात तिचं सगळं यानं केलं. दोघं ताटाला ताट लावून जेवायची. बेचाळीस वर्षं ती त्याच्याशी हसून बोलली. त्याला वाटतं, त्याचं पाप त्याच्या एकट्याजवळ आहे. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. रोज सकाळी मी तुमचा पेपर वाचून दाखवते त्याला, पहिल्या ओळीपासून."

पडद्यामागे पलंग करकरला.

"कोण आलंय गं?"

"पेपरवाले आहेत, मामा. पन्नास वर्षं झाली त्यांच्या पेपरला."

पडदा सरकला. म्हातारा चौकट धरून उभा होता. खांदे रुंद, पण त्यांच्यावरून सदरा खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता. हातांवर भाजल्याचे जुने, चकचकीत डाग. त्यानं काकांकडे पाहून नमस्कार केला.

"चांगला पेपर," तो म्हणाला. "आमच्या वेळी तुम्हीच तेवढी नावं छापली. बाकी सगळ्यांची दातखीळ बसली होती."

"हो."

"आता पुन्हा छापणार का ते?"

"छापणार आहोत. तेच पान, जसंच्या तसं."

म्हाताऱ्यानं चौकटीवरचा हात काढला आणि पुन्हा तिथेच ठेवला. "काही फेरबदल?"

मुलगी शर्टांच्या ढिगाकडे बघत होती. वेलांटीकाका उठून उभे राहिले. ज्या माणसानं आयुष्यभर एक अनुस्वार सोडला नाही, तो म्हणाला, "नाही. मी स्वतः तपासलंय. त्यात दुरुस्तीला काही नाही."

"बरं झालं," म्हातारा म्हणाला. मग चौकट सोडून, "चहा टाक गं यांना."

चहा पिऊन काका निघाले. ती गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. वळताना तिनं खडूनं माखलेले हात जोडले, तेव्हा त्यांनी नुसती मान लववली.

कचेरीत बाई वाटच बघत होत्या. पहिल्या पानाचा कच्चा आराखडा समोर पसरलेला होता, मथळ्यापुरती जागा मोकळी.

"भेटली मुलगी?"

"भेटली."

"मग? काय म्हणाली?"

काकांनी छत्री भिंतीला टेकवून ठेवली, ती घसरली, पुन्हा टेकवली. "अकराच ठेवा," ते म्हणाले. "बाराव्याची खात्री होत नाही."

"काका, तुम्हीच बोट ठेवून दाखवलंत मला."

"वय झालं. माणूस चुकतो."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या चिडल्या नाहीत. काकांकडे नुसतं बघत राहिल्या, एखादं भरवशाचं माणूस दुकानात हातचलाखी करताना दिसावं तशा.

"कुणी काही म्हटलं का तुम्हाला? युनियनवाल्यांनी?"

"नाही."

"मला वाटलं होतं, निदान तुम्ही तरी कुणाच्या बाजूचे नाही."

काकांकडे सांगण्यासारखं बरंच होतं, पण त्यातलं त्यांचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. बाईंनी आराखड्याचा कागद उलटा केला आणि नव्यानं चौकोन आखायला घेतले.

"ठीक आहे," शेवटी त्या मान वर न करता म्हणाल्या. "मग त्या जागेवर साहेबांवर मजकूर घेऊ. लेखबिख नको, माणूस म्हणून कसे होते तेवढंच. दोनशे शब्द. त्यांच्याबरोबर सगळ्यात जास्त वर्षं तुम्हीच होतात. तुम्हीच लिहा."

काका आपल्या टेबलाशी गेले. कोरा कागद घेतला, वर साहेबांचं नाव लिहिलं. खिडकीतलं ऊन टेबलाच्या कडेवरून खाली उतरलं, फरशीवर आलं, दाराशी गेलं. मधे कुणीतरी चहा ठेवून गेलं, त्यावर साय धरली. दिवे लावायची वेळ झाली तेव्हा काका उठले आणि कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. नावाखाली एकही शब्द नव्हता.

"दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घ्या," ते म्हणाले. "आमचं फारसं बोलणं नव्हतं."