गाडीचा ढाळ

घरगाडीतलं पाणी काढायचं म्हणजे नळ सोडायचा आणि बाजूला व्हायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या गाडीत बाकाखाली आडवं पडून दाखवावं. मी पडले होते. गाल जमिनीला टेकलेला, उजवा हात खांद्यापर्यंत टाकीत, आणि बाहेर अंगणात माझा भाऊ आईला गाडी मोडीत काढायचे फायदे समजावून सांगत होता.

"आई, ही गाडी माझ्यापेक्षा थोडीच लहान आहे. तिच्यात काय राहिलंय?"

"मी राहिले आहे," आई म्हणाली.

गाडी म्हणजे मागे पलंग, मध्ये बाक आणि टेबल, कोपऱ्यात न्हाणी, पुढे चालकाची सीट. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांत फरशी बसवली, आणि काम सोडल्यावर ही जुनी गाडी घेऊन दोघं हिंडायला लागली. चालवायची आई. बाबांना गाडी पुढेमागे करता यायची, तेवढीच. पाण्याचं मात्र सगळं बाबांकडे. उन्हाळ्यात बाबा गेले. त्यानंतर आम्हाला भेटायला येणारा प्रत्येक जण आईच्या घराची काळजी करायला लागला. बाई एकटी झाली की लोकांना तिच्या छपराची फार चिंता लागते. तिला काय हवंय हे विचारायला मात्र कुणाची जीभ उचलत नाही.

आईला काय हवं होतं ते तिने स्वच्छ सांगितलं होतं. हिवाळा माझ्या खोलीवर काढायचा, दर वर्षी दोघं काढायची तसा, आणि थंडी सरली की गाडीत परत जायचं. एकटीने.

दादाने अट घातली. गाडी थंडीभर त्याच्या फरश्यांच्या गोदामामागे उभी राहील. थंडी संपली की पाणी भरून बघायचं. सगळं धड असलं तर आईने खुशाल जावं. गिझर फुटलेला निघाला तर गाडी भंगारात आणि आई दादाकडे, मागच्या खोलीत. गिझरवर अट घालण्याचं कारण साधं होतं. तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती आणि त्या खणात दुसरा कुठलाच गिझर बसत नव्हता. दुरुस्तीवाल्याने तोंडावर सांगितलं होतं: "आत पाणी राहिलं आणि गोठलं, की संपलं. मग माझ्याकडे येऊ नका."

आई "चालेल" म्हणाली. मला विचारलं असतं तर मी दादाचं डोकं फोडलं असतं.

तर त्या गोदामामागे मी टाकीत हात घालून पडले होते. सकाळपासून क्रमाने सगळं केलं होतं. गॅस बंद, गिझर बंद, तो गार होईपर्यंत थांबणं. मग सगळे नळ उघडे, गरमही आणि गारही, शॉवर खाली लोंबता सोडलेला. गाडीच्या मागच्या कोपऱ्यातला निचऱ्याचा कॉक उघडला आणि पाणी धो धो वाहायला लागलं. पाणी निम्म्यावर आल्यावर टाकीच्या बाजूचं ताटाएवढं झाकण फिरवून काढलं आणि आत डोकावले.

मी तिथेच थिजले. टाकी पांढऱ्या प्लॅस्टिकची. गाडीच्या बाजूच्या पत्र्याला हवेसाठी जाळी आहे, तिच्यातून दुपारचं ऊन टाकीच्या भिंतीवर पडत होतं आणि भिंतीतून आत झिरपत होतं. आतलं पाणी निळसर उजेडाने भरलेलं. कुठे बल्ब नाही, फट नाही, आणि तरी उजेड. वर्षानुवर्षं आई ह्या बाकावर बसून चहा प्यायली, आणि तिच्या बुडाखाली हे असं काही उजळत होतं, कुणी बघत नसताना, रोज.

"आई, इकडे ये," मी ओरडले.

"काय फुटलं?" दादाच आधी धावला.

"काही फुटलं नाही. तू आशेवर राहू नकोस. आई, बघ."

आई गुडघे धरत खाली बसली, आत बघितलं. मग म्हणाली, "हे म्हणायचे, टाकी बघायला ये एकदा. मी म्हणायचे, टाकीत काय बघायचंय?"

पाणी उतरत गेलं तशी तळाची माती उघडी पडली. बोटाने उचलली तर पातळ, मऊ, थराथराची. एक थर करडा, एक तांबूस, एक जवळजवळ पांढरा. जिथे जिथे त्यांनी पाणी भरलं तिथलं थोडं थोडं खाली बसलं होतं. एका चिमटीत त्यांचा सगळा प्रवास. मी फडक्याने पुसायला लागले तर आईने माझा हात धरला. थोडी माती तिने एका बाटलीच्या झाकणात काढून घेतली. मग म्हणाली, "पूस आता."

कॉकमधून थेंब पडायचे थांबले. दादाने हात झटकले. "झालं. उघड्या नळांसकट ठेव तशीच. चल, कुलूप लाव."

मी गिझरवर बोटाची पेरं वाजवली. रिकामा डबा ठण् वाजतो. हा ढब् वाजला.

"आत पाणी आहे."

"नाहीये. कॉक कोरडा पडलाय, डोळे आहेत ना तुला?"

"मला कानही आहेत."

"अगं बाई, जे यायचं होतं ते आलं!"

"आणि जे नाही आलं ते गोठलं की तुझं काम झालं. मागची खोली रिकामीच आहे ना? पोती हलवली की नाही अजून?"

बोलून गेले. दादाचा चेहरा पडला. त्याने ती खोली स्वतः रंगवली होती, आईला आवडतो त्या रंगाने, हे मला वहिनीकडून कळलं होतं. तो दुष्ट नाही. त्याला रात्री फोन वाजला की भीती वाटते, एवढंच. पण भीतीपोटी माणसं दुसऱ्याचं आयुष्य आवळून टाकतात आणि त्याला काळजी म्हणतात. ते मी ऐकून घेणार नव्हते.

"मला गाडी फुटायला हवीय असं वाटतं तुला?" तो हळू आवाजात म्हणाला.

"वाटतं."

तो वळला. गिझरपाशी वाकला, स्वतः पेरं वाजवली. ढब्. पुन्हा वाजवली. मग त्याने खिशातून पाणसळ काढली. तीच, फरशी समपातळीत आहे की नाही ते बुडबुड्यावरून दाखवणारी काचेची नळी. बाबांच्या खिशात कायम असायची, आता दादाच्या असते. कामावर बाबांना सगळे बुडबुडेमिस्त्री म्हणत. पाहुण्यांकडे जेवायला गेले तरी आधी टेबलावर पाणसळ ठेवायचे आणि चुकचुकायचे. आईला लाजेने मेल्यासारखं व्हायचं.

दादाने पाणसळ जमिनीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. गाडी इथे लावताना चाकांखाली लाकडाच्या चिपा सरकवून त्यानेच ती तशी केली होती. आमच्या घरात कुठलीही गोष्ट जागेवर ठेवली की आधी समपातळीत आणतात. आम्हाला ते श्वासासारखं आहे.

मग त्याने पाणसळ पाण्याच्या पाइपवर ठेवली. गिझरपासून मागच्या कॉकपर्यंत जाणारा पाइप. तो बाबांनी स्वतः बदलला होता, येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायचे. बुडबुडा मध्ये. एक वीत पुढे. मध्ये. आणखी पुढे. मध्ये. केसभरही इकडे तिकडे नाही.

दादा खाली बसला. आणि हसायला लागला. आधी नुसता श्वास, मग खांदे, मग डोळ्यांत पाणी.

"काय झालं रे?" आई घाबरली.

"आई, बाबांनी न्हाणीघर हॉलसारखं केलंय!"

"म्हणजे?"

"अगं, हॉलची फरशी सपाट. न्हाणीला ढाळ द्यावा लागतो, मोरीकडे उतार, नाहीतर पाणी जाणार कसं? शिकाऊ पोरगंही ही चूक करत नाही. आणि ह्या माणसाने अख्खा पाइप पाणसळ लावून टाकला! पाणी आत नुसतं झोपून राहिलंय!"

"मग आजवर गिझर कसा नाही फुटला?" मी विचारलं.

आई पलंगाकडे बघत होती. तिने गादी उचलली आणि खालच्या खणातून दोन जाड फळ्या ओढल्या. "ह्या कशाला बाळगता, असं मी नेहमी विचारायचे. म्हणायचे, चिखलात रुतलो तर." फळ्यांच्या मधोमध टायरच्या नक्षीचा खोल ठसा होता, वर्षानुवर्षं त्याच जागी दाबला गेलेला. "पाणी काढायच्या दिवशी मला बाजारात पिटाळायचे. दर वर्षी. मला वाटायचं, कामात लुडबुड नको म्हणून."

म्हणजे तो बुडबुडेमिस्त्री, जगाच्या फरशा तपासणारा, स्वतःची चूक झाकायला वर्षातून एकदा बायकोला घराबाहेर काढायचा, आणि स्वतःचं घर गुपचूप तिरकं करायचा.

"लबाड," आई म्हणाली. इतक्या प्रेमाने मी तिला कुणाला शिवी देताना ऐकलेलं नाही.

दादाने चिपा काढल्या आणि पुढच्या चाकांसमोर फळ्या लावल्या. आई चालकाच्या सीटवर चढली. तो म्हणाला, "उतर, मी घेतो." ती म्हणाली, "तू समोर उभा राहा आणि हात हलव."

"ये... ये... सावकाश... डावीकडे थोडी... ये... बस!"

गाडीने नाक वर केलं. कपाटात कप सरकले, खणातला चमचा घरंगळत मागे गेला. मी आत उभी होते, न्हाणीच्या नळावर हात ठेवून. क्षणभर काहीच नाही. मग गाडीच्या पोटातून, कुठून ते सांगता येणार नाही, एक मोठा घोट गिळल्याचा आवाज आला. माझ्या हाताखालच्या नळाने हवा आत ओढली. तळव्याला ती ओढ लागली, बाळाने बोट ओढावं तशी. मग ओट्यावरचा नळ, मग लोंबता शॉवर. एकामागून एक सगळ्या नळांनी श्वास घेतला, आणि मागच्या कोपऱ्यातून पाणी सुटलं. वस्तूंना जीव असतो वगैरे बोलणाऱ्यांचा मला राग येतो. पण त्या दुपारी मी त्या न्हाणीत नळावरचा हात काढायला धजावले नाही.

दादाने बाहेर पाणी धरायला फरशीच्या रसायनाचा रिकामा पत्र्याचा डबा लावला, अरुंद तोंडाचा. डबा गळ्यापर्यंत भरला. त्याने टोपण घट्ट लावलं आणि डबा गाडीमागे सरकवला. मी गिझर वाजवला. ठण्.

थंडी पडली. त्या वर्षीची सगळ्यात कडक रात्र होऊन गेल्यावर दादाचा सकाळी फोन आला. "ये. आईला घेऊन ये." बाकी काही सांगेना. रस्ताभर आई माझा हात दाबत होती.

गाडी जशीच्या तशी उभी होती, नाक वर करून. दादा तिच्यामागे होता, हात काखेत, तोंडातून वाफा. त्याच्या पायाशी तो डबा. डबा कसला, त्याची कातडी. जोडावरचा पत्रा वरपासून खालपर्यंत उसवला होता, कडा बाहेर वळलेल्या, आणि मध्ये बर्फाचा खांब उभा, निळसर, टाकीत दिसला होता तसाच उजेड पोटात घेऊन. आवाज नाही, हातोडा नाही, माणूस नाही. नुसतं पाणी, रात्रभर जरासं फुगलेलं. एवढं पाणी त्या दिवशी आम्ही आत ठेवून कुलूप लावणार होतो.

आईने हातमोजा काढून बर्फावर बोट ठेवलं.

"एवढी ताकद," ती पुटपुटली. "आणि रोज आपण त्याने भांडी घासतो."

दादाने डबा उचलला नाही. बर्फ वितळेपर्यंत तो तसाच राहिला, आणि गोदामातल्या प्रत्येक माणसाला त्याने तिथे नेऊन तो दाखवला.

झाडांना पालवी आली तेव्हा अटीचा दिवस उजाडला. फळ्यांवरून गाडी उतरवली, कॉक बंद केला. टाकी लिंबाच्या सत्त्वाने धुतली, दोनदा विसळली, मग नळीने भरली. आता राहिला पंप. पंपाचा न्याय सोपा असतो. बटण दाबलं की तो घरघरतो, पाइपांत पाणी दाबून भरतो, आणि सगळं घट्ट असलं की आपोआप थांबतो. कुठे चीर असली तर थांबून पुन्हा सुरू होतो, पुन्हा पुन्हा. आईचं घर राहणार की जाणार, ते त्या यंत्राच्या गप्प बसण्यावर होतं.

आईने बटण दाबलं. घर्र. नळ खोकले, हवा थुंकले, मग पाणी आलं. तिने ते एकेक करून बंद केले. गरम, गार, न्हाणी, ओटा. घरघर जड झाली, खाली आली, आणि थांबली.

आम्ही बाकावर बसलो, तिघं, खांद्याला खांदा लावून. दादा गिझरच्या खणाकडे बघत होता. त्याला काय ऐकू यायला हवं होतं, ते मला त्याच्या तोंडावरून कळेना. बाहेर कुणीतरी फरशी कापत होतं. ते थांबलं. मग इतकं शांत झालं की आमच्या बुडाखाली टाकीतलं पाणी स्थिरावताना हळूच भिंतीला लागलं तेही ऐकू आलं.

पंप गप्प होता. आम्ही बसून राहिलो. तो गप्पच होता.

दादा उठला. बाहेर गेला. मला वाटलं, रागावला. तो परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही बगलांत बाबांच्या फळ्या होत्या, माती पुसलेल्या. त्याने गादी उचलली, त्या खाली नीट सरकवल्या, आणि खिशातली पाणसळ काढून त्यांच्यावर ठेवली.

"पाइप बदलून देतो," तो आईकडे न बघता म्हणाला. "ढाळ देऊन."

"हात लावशील तर बघ," आई म्हणाली. "मी तिरकी करीन. उतरा आता दोघं, मला निघायचंय."